हिरोशी यामामोतो: ब्रॉन्झवरून सिल्व्हरवर जायला २० वर्षं लागलेला तिरंदाज (नेहमी येणारे प्रश्न)

ऑलिंपिक जवळ आलं की मी यामामोतोची गोष्ट कुणाला ना कुणाला ऐकवतोच, आणि मग पुढचा महिनाभर मेसेज येत राहतात, त्यातले निम्मे तेच ते. म्हणून सगळे एकदाच इथे लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी घेतलेत, डोकं खाणारे शेवटी. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, नंबर दिलाय, तिकडे जाऊन बघा.

१. हा यामामोतो नक्की कोण? आम्ही तर नावच ऐकलं नाही.

जपानचा तिरंदाज. जन्म ३१ ऑक्टोबर १९६२, योकोहामा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक ब्रॉन्झ, आणि त्यानंतर थेट २००४ ला अथेन्समध्ये वैयक्तिक सिल्व्हर. मधल्या काळात एकही ऑलिंपिक मेडल नाही. पहिलं मेडल मिळालं तेव्हा २१ वर्षांचा कॉलेजचा पोरगा, दुसरं मिळालं तेव्हा ४१ वर्षांचा हायस्कूलचा मास्तर. एकूण पाच ऑलिंपिक खेळला: १९८४, १९८८, १९९२, १९९६ आणि २००४. नाव न ऐकण्यात तुमची काही चूक नाही, आपल्याकडे आर्चरीची आठवण चार वर्षांतून एकदा येते, तीही आपलं कुणी हरलं की.

२. जपानी धनुष्य म्हणजे ते उंच बांबूचं, पांढरे-काळे कपडे घालून मारतात तेच ना?

नाही हो. तुम्ही म्हणताय ते क्यूदो. त्याचं धनुष्य दोन मीटरपेक्षा उंच असतं, पकड मधोमध नसून खालच्या बाजूला असते, दोरी अंगठ्याने ओढतात आणि टार्गेट २८ मीटरवर असतं. क्यूदो ऑलिंपिकमध्ये नाही.

यामामोतो खेळतो ती आर्चरी, रिकर्व्ह धनुष्याची. त्यात मधला धातूचा भाग म्हणजे रायजर, वर-खाली वाकणाऱ्या दोन पात्या (इंग्रजीत लिम्ब), नेम धरायला साइट, पुढे लांब दांडा असतो तो स्टॅबिलायझर आणि बाण पूर्ण ओढला गेला की टक असा आवाज करणारी छोटी पट्टी, तिला क्लिकर म्हणतात. दोरी तीन बोटांनी ओढून हनुवटीखाली आणायची. जपानमध्ये हे दोन्ही खेळ चालतात, दोघांची माणसं वेगळी, रेंज वेगळी आणि शिस्त पण वेगळी. यामामोतो जिंकला म्हणून 'सामुराई परंपरा' वगैरे लिहिणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं ही विनंती.

३. सुरुवात कशी झाली त्याची?

शाळेच्या क्लबात. जपानमध्ये शाळा सुटल्यावर क्लबात जायचं हा मुलांच्या आयुष्याचा मोठा भाग असतो, कुणी बेसबॉल, कुणी ब्रास बँड, हा धनुष्याकडे गेला. हायस्कूलच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलग तीन वर्षं पहिला आला, म्हणजे प्रवेश घेतल्यापासून बाहेर पडेपर्यंत दुसऱ्या कुणाला संधीच दिली नाही. मग निप्पॉन स्पोर्ट सायन्स युनिव्हर्सिटी, जिथून जपानचे पुष्कळ ऑलिंपिक खेळाडू आणि त्याहून जास्त पीटीचे शिक्षक बाहेर पडतात. हा पुढे दोन्ही झाला.

४. १९८४ ला नेमकं काय झालं? ब्रॉन्झ म्हणजे सिल्व्हरपासून किती लांब होता?

एक पॉइंट. हा आकडा लक्षात ठेवा.

तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. समोरासमोर मॅच वगैरे काही नाही, चार दिवस सगळ्यांनी आपापले बाण मारत राहायचं आणि शेवटी बेरीज. पुरुषांना ९०, ७०, ५० आणि ३० मीटर, प्रत्येक अंतरावरून ३६ बाण, हे सगळं दोनदा. एकूण २८८ बाण, २८८० पैकी मार्क. ८ ते ११ ऑगस्टला लाँग बीचच्या एल डोराडो पार्कमध्ये हे चाललं होतं. अमेरिकेचा डॅरेल पेस २६१६ करून सगळ्यांच्या कितीतरी पुढे निघून गेला, त्याच्याशी कुणाची स्पर्धाच नव्हती. खरी मारामारी खाली होती: अमेरिकेचाच रिचर्ड मॅकिनी २५६४, यामामोतो २५६३.

आता हा एक पॉइंट म्हणजे काय ते बघा. बाण दोन रिंगांच्या मधल्या रेषेला नुसता चिकटला तरी वरचा आकडा मिळतो. म्हणजे चार दिवसांतल्या २८८ बाणांपैकी कुठला तरी एक बाण केसभर आत लागला असता तर टाय झाला असता, दोन लागले असते तर सिल्व्हर. तो कुठला बाण हे कुणालाच सांगता येणार नाही, त्यालाही नाही. शेवटचा बाण चुकला आणि मेडल गेलं असं असतं तर निदान त्या बाणाला शिव्या घालता येतात, इथे शिव्या घालायला २८८ बाण आहेत. मला त्याच्या पुढच्या २० वर्षांचं थोडंफार कोडं इथेच सुटतं असं वाटतं, पण ते माझं मत.

५. १९८४ ला २५६३ आणि २००४ ला १०९?? एवढा खाली कसा आला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. तो खाली आला नाही, बेरीज करायची पद्धतच बदलली. १९८४ चे २८८ बाण वर सांगितलेत. १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये समोरासमोर नॉकआउट सुरू झालं आणि या मॅचना अंतर फक्त ७० मीटर राहिलं. २००४ ला पहिल्या फेऱ्यांत १८ बाणांची मॅच, क्वार्टर फायनलपासून पुढे १२ बाणांची, म्हणजे १२० पैकी मार्क. अथेन्सच्या फायनलमध्ये त्याचे १०९ होते ते या १२० पैकी.

आता एक गंमत सांगतो, ही मला एकदा गणित करत बसलो असताना सापडली आणि तेव्हापासून येईल त्याला ऐकवतोय. १०९ ला २४ ने गुणा, कारण १२ बाणांचे २४ गठ्ठे म्हणजे २८८ बाण. उत्तर येतं २६१६. डॅरेल पेसने १९८४ ला ज्या आकड्यावर गोल्ड नेलं, अगदी तोच. म्हणजे ४१ वर्षांचा यामामोतो फायनलमध्ये ज्या सरासरीने मारत होता त्या सरासरीने २१ व्या वर्षी चार दिवस मारता आलं असतं तर पेसच्या बरोबरीला बसला असता, आणि इकडे त्याच सरासरीने तो हरला! तुलना अगदी काटेकोर नाही हे मान्य, १९८४ ला ९० मीटरही होतं आणि ३० मीटरही होतं, ५० आणि ३० ला टार्गेटचा कागदही लहान, ८० सेंटिमीटरचा. शिवाय तेव्हाचे बाण अल्युमिनियमचे, आता कार्बनचे, बारीक आणि वेगवान. पण २० वर्षांत खेळ किती पुढे सरकला याचा अंदाज यायला हे पुरे.

६. मग मधली २० वर्षं काय करत होता?

खेळत होता. लोकांना वाटतं १९८४ ला मेडल घेऊन घरी बसला आणि २००४ ला अचानक धूळ झटकून उठला, तसं नाही झालं. १९८८ ला सोलमध्ये आठवा आला. १९९२ ला बार्सिलोनात १७ वा, १९९६ ला अटलांटात १९ वा. २००० च्या सिडनीच्या टीममध्ये तो नव्हताच. हे आकडे नीट बघा: ३, ८, १७, १९ आणि मग घरी. कुठल्याही निवड समितीसमोर हा कागद ठेवला तर काय म्हणतील? 'सर, खूप केलंत, आता नवीन मुलांना संधी द्या.' आलेख सरळ खाली चाललाय, वय ३७ आहे. अथेन्सचं सिल्व्हर या आलेखात कुठेच बसत नाही आणि म्हणूनच मी हा माणूस धरून बसलोय.

बरं, या काळात पद्धत बदलत होती हेही आहे (बघा प्रश्न ५). लांब पल्ल्याच्या बेरजेत तयार झालेला माणूस, त्याला एकदम १२ किंवा १८ बाणांच्या मॅचमध्ये टाकलं. टेस्ट खेळणाऱ्याला टी-२० मध्ये टाकल्यासारखं. बेरजेत वाईट एंड भरून काढायला तुमच्याकडे अजून दोन दिवस असतात, मॅचमध्ये पुढचे तीन बाण, बास.

७. एंड म्हणजे काय? तुम्ही सारखं म्हणता.

एका वेळी मारायच्या बाणांचा गठ्ठा. तीन किंवा सहा बाण मारायचे, मग चालत टार्गेटपर्यंत जायचं, मार्क लिहायचे, बाण काढायचे, परत यायचं. क्रिकेटमधल्या ओव्हरसारखं धरा.

८. पोट कशावर चालायचं? स्पॉन्सर होते का?

नोकरी करायचा, शिक्षकाची. सैतामा प्रांतातल्या ओमिया काइसेई हायस्कूलमध्ये शिकवायचा, अथेन्सला गेला तेव्हाही तिथलाच शिक्षक होता. म्हणजे दिवसभर मुलं, शिकवणं, मीटिंगा आणि मग राहिलेल्या वेळात स्वतःचे बाण. ज्यांच्या घरात कुणी शिक्षक आहे त्यांना राहिलेला वेळ म्हणजे किती ते वेगळं सांगायला नको.

कोरियात चांगल्या तिरंदाजाला कंपनीच्या किंवा नगरपालिकेच्या टीममध्ये पगारावर ठेवतात आणि त्याचं काम एकच, बाण मारणं. जपानमध्ये आर्चरीला तेवढा पैसा नाही, बेसबॉलच्या देशात धनुष्यासाठी कोण थांबणार. पुढे तो आपल्याच जुन्या युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथे प्रोफेसर झाला.

९. अथेन्सचं सगळं सांगा ना, नीट, मॅच टू मॅच.

सांगतो, पण पहिल्या फेऱ्या सोडून देतो, खरी मजा क्वार्टर फायनलपासून आहे.

जागा आधी डोळ्यासमोर आणा. पानाथिनाइको स्टेडियम, १८९६ ला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं तेच, सगळं पांढऱ्या संगमरवराचं, घोड्याच्या नालासारखं लांबुळकं. दिवस १९ ऑगस्ट २००४.

क्वार्टरमध्ये समोर कोरियाचा इम डोंग-ह्युन. हा १८ वर्षांचा मुलगा आणि याने आठवडाभर आधी रँकिंग राउंडमध्ये (मॅचच्या जोड्या ठरवणारी आधीची फेरी) ७२० पैकी ६८७ मारून वर्ल्ड रेकॉर्ड केलेला. कुणीही पैसे लावले असते तर इमवरच लावले असते. यामामोतो जिंकला १११ विरुद्ध ११०. एक पॉइंट. (प्रश्न ४ आठवला का? या वेळी तो एक पॉइंट त्याच्या बाजूला पडला.)

सेमीत ऑस्ट्रेलियाचा टिम कडिही, वय १७. दोघांचे ११५ – ११५. टाय. मग शूट-ऑफ, प्रत्येकी एक बाण. यामामोतो १०, कडिही ९. संपलं.

फायनलला इटलीचा मार्को गालियात्सो, वय २१. गालियात्सो १११, यामामोतो १०९. इटलीला गोल्ड, आणि कडिहीने मग ब्रॉन्झ घेतलं.

आता वयं परत एकदा बघा: १८, १७, २१. तिघांची बेरीज ५६. लॉस एंजेलिसला यामामोतो ब्रॉन्झ घेत होता तेव्हा यातले दोघं जन्मलेच नव्हते आणि गालियात्सो सव्वा वर्षाचा होता. हायस्कूलच्या मास्तरला दिवसभर याच वयाची मुलं समोर असतात, त्यामुळे तो त्यांना घाबरला नसेल असा आपला माझा अंदाज!

१०. दोन पॉइंटने हरला म्हणजे अंतरात किती?

७० मीटरचं टार्गेट १२२ सेंटिमीटर व्यासाचं असतं, दहा रिंगा, म्हणजे प्रत्येक रिंगेची रुंदी ६.१ सेंटिमीटर. मधला दहाचा गोल १२.२ सेंटिमीटरचा, आपल्या घरातल्या छोट्या वाटीएवढा. ७० मीटर म्हणजे साधारण २३ मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून खाली ठेवलेल्या वाटीकडे बघताय असं समजा, फक्त आडवं. यात दोन बाण एकेक रिंग बाहेर गेले की झालं, दोन पॉइंट गेले. रेषेला चिकटलेल्या बाणाचा नियम प्रश्न ४ मध्ये आहे.

११. ४१ व्या वर्षी हे शक्य कसं आहे? आम्हाला तर जिना चढून दम लागतो.

आर्चरीत पळायचं नसतं, उडी मारायची नसते, समोरच्याशी धक्काबुक्की नसते, त्यामुळे वय इतर खेळांपेक्षा उशिरा आडवं येतं. पण अजिबात येत नाही असं समजू नका. पुरुषांचं धनुष्य साधारण ४५ ते ५० पाउंडाचं असतं, म्हणजे एका वेळी २० किलोच्या वर वजन पाठीने ओढायचं, धरून ठेवायचं, क्लिकर वाजेपर्यंत मिलिमीटर मिलिमीटरने मागे जात राहायचं. असे दिवसाला ३०० बाण. मोठ्या खेळाडूंना एवढे लागतातच. खांदा जातो, बोटं जातात, पुढे पुढे डोळ्यांचा त्रास, कारण साइटचा ठिपका जवळ आणि टार्गेट लांब, दोन्ही एकदम स्पष्ट दिसणं चाळिशीनंतर अवघड होतं (ज्यांना नुकताच वाचायचा चष्मा लागलाय त्यांनी मान डोलवावी).

वयाचा फायदा कुठे होतो तर वारा वाचण्यात, आणि बाण सोडायचा नाही हे कळण्यात. काहीतरी बिनसलंय असं वाटलं की धनुष्य खाली घेऊन परत ओढायचं. सतरा वर्षांच्या मुलाला ते कमीपणाचं वाटतं, आणि घड्याळ पळत असतं म्हणून तो सोडून देतो. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर हौस म्हणून एका क्लबात सहा महिने बाण मारलेत, बाजूच्या लेनला बारा वर्षांची मुलगी होती, तिचे सगळे टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात आणि माझे गवतात, तेव्हा नुसत्या वयाचा काही उपयोग नाही हेही अनुभवाने सांगतो.

१२. जपानमध्ये त्याला काय म्हणतात ते नाव काय होतं?

'चूनेन नो होशी', म्हणजे मध्यमवयीनांचा तारा. अथेन्सनंतर पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं त्याला. टेनिसमधला, पोहण्यातला विशीतला हिरो सगळ्यांना आवडतोच, पण लोकलने ऑफिसला जाणाऱ्या, पोट सुटलेल्या, घरी ईएमआय असलेल्या माणसाला आपला म्हणावा असा हिरो ऑलिंपिकमध्ये कधी सापडतो? त्यात हा नुसताच टिकून राहिलेला नव्हता, आधीपेक्षा वर गेलेला होता. ब्रॉन्झवरून सिल्व्हरवर यायला २० वर्षं लागली, आता अजून २० वर्षं घेऊन गोल्ड, अशा अर्थाचं तो तेव्हा बोलला होता आणि ते वाक्य जपानमध्ये भलतंच गाजलं.

१३. मग मिळालं का गोल्ड?

नाही. २००४ नंतर तो ऑलिंपिकला परत दिसला नाही. बीजिंगच्या टीममध्ये नव्हता. त्याच्या हिशेबाने २० वर्षं म्हणजे २०२४ चं पॅरिस, तेव्हा तो ६१ वर्षांचा होता, तिथेही नव्हता.

१४. आपल्या तिरंदाज अतनू दासला टोकियो ऑलिंपिकमध्ये हरवणारा हाच ना? एवढा म्हातारा?

नाही नाही नाही. हा प्रश्न टोकियोनंतर इतक्या वेळा आलाय की उत्तर पाठ झालंय. तो ताकाहारू फुरुकावा. ३१ जुलै २०२१ ला टोकियोच्या युमेनोशिमा पार्कात शेवटच्या १६ मध्ये फुरुकावाने अतनूला ६-४ ने हरवलं. अतनूने त्याआधीच्या मॅचमध्ये कोरियाच्या ओह जिन-ह्येकला शूट-ऑफमध्ये बाहेर काढलं होतं म्हणून आपल्याकडे सगळे हवेत होते. तो ओह म्हणजे २०१२ चा चॅम्पियन, आणि २०१२ च्या फायनलमध्ये त्याने कुणाला हरवलं होतं? याच फुरुकावाला, ७-१ ने. वर्तुळ पूर्ण.

पण दोघांत गोंधळ होतो तो अगदीच उगाच नाही, कारण फुरुकावा आणि यामामोतो अथेन्सला एकाच टीममध्ये होते. आणि आता हे ऐका, फुरुकावाचा जन्म ९ ऑगस्ट १९८४, आओमोरी. तारीख परत वाचा आणि प्रश्न ४ मधल्या तारखा बघा. यामामोतो लाँग बीचला पहिल्या मेडलसाठी बाण मारत होता त्याच चार दिवसांत त्याचा पुढचा टीममेट जपानमध्ये जन्माला येत होता. २० वर्षांनी दोघं एकाच लाइनवर खांद्याला खांदा लावून उभे. कुणी सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू काहीही दाखवतात.

१५. १९७६ ला पण एका हिरोशीने मेडल घेतलं होतं असं वाचलं. तोच का हा?

नाही, तो हिरोशी मिचिनागा. मॉन्ट्रियलला सिल्व्हर, आणि गोल्ड कुणाला, तर परत डॅरेल पेसलाच. यामामोतो तेव्हा १३ वर्षांचा होता. जपानी नावं लिहिताना कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी नंतर, त्यामुळे अजून घोळ होतो. आडनाव लक्षात ठेवा: मिचिनागा, यामामोतो, फुरुकावा. याच क्रमाने.

१६. जपानला आर्चरीत एकही गोल्ड नाही? खरंच?

ऑलिंपिकमध्ये नाही, खरंच. एकूण सात मेडल: १९७६ मिचिनागा सिल्व्हर, १९८४ आणि २००४ यामामोतो, २०१२ ला फुरुकावा सिल्व्हर आणि बायकांच्या टीमला ब्रॉन्झ, मग टोकियोत पुरुषांच्या टीमला ब्रॉन्झ आणि फुरुकावाला वैयक्तिक ब्रॉन्झ. तीन सिल्व्हर, चार ब्रॉन्झ. टोकियोत गोल्डच्या सगळ्यात जवळ गेले ते टीममध्ये, कोरियाविरुद्ध सेमीत शूट-ऑफही २८-२८ झाला, मग केंद्राच्या जवळचा बाण कुणाचा ते मोजलं, कोरियाचा ३.३ सेंटिमीटरवर, जपानचा ५.७ सेंटिमीटरवर. गेले. कोरियाने पुढे गोल्ड नेलं.

हसायच्या आधी एक आठवण: आपल्याला आर्चरीत ऑलिंपिकचं एकही मेडल नाही, कुठल्याच रंगाचं.

१७. पाच ऑलिंपिक म्हणजे जपानी तिरंदाजांत सगळ्यात जास्त का?

आता नाही. फुरुकावा अथेन्सपासून पॅरिसपर्यंत एकही न चुकवता सहा खेळला. मेडलही त्याची तीन, यामामोतोची दोन. कागदावर फुरुकावा मोठा आहे यात वादच नाही, तो आज भेटला तर मी वाकून नमस्कार करीन. पण गोष्ट सांगायची तर यामामोतोचीच सांगणार.

१८. भारताशी किंवा आपल्याशी काही संबंध?

एक थेट आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पुरुषांचं वैयक्तिक गोल्ड यामामोतोने नेलं, ऑलिंपिक मेडलच्या दोन वर्षं आधी. अप्पू हत्ती आणि रंगीत टीव्ही आठवणाऱ्या पिढीला हे सांगितलं की आश्चर्य वाटतं.

बाकीचे संबंध जपानच्या टीमशी. लंडन २०१२ ला आपली पुरुषांची टीम पहिल्याच मॅचला जपानकडून गेली, २१४-२१४ टाय आणि शूट-ऑफमध्ये २७ विरुद्ध २९. टोकियोचं प्रश्न १४ मध्ये आलंय. त्याच टोकियोत फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव होता, तो वैयक्तिकमध्ये अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून हरला, जपान्यांशी त्याची गाठ पडली नाही.

१९. ओजस देवतळे आणि अदिती स्वामी वर्ल्ड चॅम्पियन आहेत ना, मग आपल्याला मेडल नाही असं का म्हणता?

आहेतच, नागपूरचा ओजस आणि साताऱ्याची अदिती, दोघंही २०२३ ला बर्लिनमध्ये जिंकले. पण ते कंपाउंड, चाकं असलेलं धनुष्य, आणि कंपाउंड आत्तापर्यंत ऑलिंपिकमध्ये नव्हतं. लॉस एंजेलिस २०२८ ला कंपाउंडची मिश्र टीम पहिल्यांदा येतेय. यामामोतोचं सगळं करिअर रिकर्व्हचं, त्यामुळे दोन्हीचे स्कोअर एकमेकांशी लावत बसू नका.

२०. साठी उलटलेल्या माणसाला तुम्ही सारखं 'तो' काय म्हणताय? शिक्षक आहेत ते.

एका निवृत्त मुख्याध्यापक काकूंचा हा मेसेज होता आणि मी जरा वरमलो. पण काकू, आपण सचिनलाही 'तो'च म्हणतो आणि गावसकरांना काय म्हणायचं यावर घरोघरी दोन मतं आहेत. मैदानावर असेपर्यंत 'तो', वर्गात गेले की 'सर'. चालेल?

२१. आत्ताच्या सेट पद्धतीत अथेन्सची फायनल झाली असती तर तो जिंकला असता का?

हा खरा किचकट प्रश्न. आता, म्हणजे ऑलिंपिकच्या वैयक्तिक मॅचमध्ये २०१२ पासून, एकूण बेरीज धरत नाहीत. तीन बाणांचा एक सेट, सेट जिंकला की दोन पॉइंट, बरोबरी झाली तर एकेक, आणि सहा पॉइंट आधी करेल तो जिंकला. म्हणून अतनूची मॅच ६-४ दिसते आणि अथेन्सची १११-१०९.

समजा तुमचा एक सेट पार बिघडला, समोरच्याचे २९ आणि तुमचे २४. जुन्या पद्धतीत पाच पॉइंटचा खड्डा, तो पुढच्या नऊ बाणांत भरून काढायचा, जवळजवळ अशक्य. नव्या पद्धतीत तो सेट गेला, दोनच पॉइंट गेले, पाटी कोरी. पुढचे तीन सेट २८-२७ असे एकेका पॉइंटने घेतले की ६-२ ने तुम्ही जिंकलात, आणि बेरीज केली तर तुमचे १०८, त्याचे ११०! म्हणजे दोन पॉइंटने मागे असलेला माणूस सेटमध्ये सरळ जिंकू शकतो. अथेन्सचा फरकही दोनचाच होता, तेव्हा निकाल उलटा लागणं अशक्य नव्हतं एवढं नक्की.

पण मग याची दुसरी बाजू पण घ्यावी लागेल. इम डोंग-ह्युनला त्याने एका पॉइंटने काढलं होतं, सेटमध्ये ती मॅच इमकडे जाऊ शकली असती आणि फायनलचा विषयच संपला असता. आणि कडिहीबरोबर जो एका बाणाचा शूट-ऑफ झाला तो सेटमध्ये ५-५ झाल्याशिवाय येतच नाही. एका मित्राने यावर तासभर वाद घातला माझ्याशी, शेवटी म्हणाला की १९८४ ला सेट असते तर मॅकिनीला हरवलं असतं का तेवढं सांग. २८८ बाण म्हणजे ९६ सेट, म्हटलं, तू कागद घे, मी चहा टाकतो.